पाणी कुठे जातं

पारोळ्याच्या पुढे, बोरी नदीच्या अलीकडे,
एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडून
पाच गुंठे घेतले.
नकाशा दाखवला तर हिलाल मिस्तरी म्हणाला,
"पहिले संडासनं देखूत, भाऊ, देव्हारानं मंग."

वैशाख. जमीन अशी उललेली
की विमलची काचेची बांगडी भेगेत निसटली
आणि वाजलीसुद्धा नाही.
पहिला खड्डा काळ्या मातीत, हातभर.
दोन हंडे ओतले. घटकेत गडप.
मी खूश.
हिलाल खूश नाही.
"हाई भेग पी राह्यनी, माटी नही.
रातभर पाजा, मंग सकाये इचारा."

रातभर पाजलं.
सकाळी तिनं सगळी तोंडं मिटून घेतलेली,
रवंथ करत बसलेल्या म्हशीसारखी फुगलेली.
काठीवर खिळ्यानं रेघा ओढून मी उकिडवा बसलो,
मनगटाला डेपोतलं जुनं घड्याळ.
आठ वाजता पाणी चौथ्या रेघेवर.
नऊ वाजता चौथ्या रेघेवर.
दहा वाजता एक मधमाशी पडली, तिला काडीनं काढली,
तिच्या पंखांना लागलं
तेवढंच काय ते पाणी कमी झालं.

हिलालनं ओला गोळा उचलला,
तळव्यांत वळला. आधी शेव झाली, मग सुतळी,
मग करंगळीभोवती कडं.
तुटेना.
"ज्या माटीना दागिना व्हस
ती माटी घाण पेत नही. धरी ठेवस."
आणि ते कडं त्यानं माझ्या हातावर ठेवलं,
सुटे पैसे परत करावेत तसं.

दुसऱ्या खड्ड्यातही तेच.
दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा,
आणि बोलणं सगळं मैल्याचं.
"जेवू तरी द्या," विमल म्हणाली.

तिसरा खड्डा उताराच्या कोपऱ्यात.
गुडघाभर काळी, मग मुरूम,
मग पहार कशावर तरी पोकळ वाजली.
एक हंडा. दोन. तीन.
घड्याळ बघेस्तोवर खड्डा कोरडा.
म्हटलं, झालं काम, इथंच.
हिलाल पालथा पडला, खड्ड्याला कान लावून.
"पानी कथा गयं?"

एकतीस वर्षं मी विचारत आलो, कुठं उतरणार.
उतरल्यावर कोण कुठं गेलं
हे माझ्या वहीत कधीच नव्हतं.

विमलनं धुळवडीचा उरलेला गुलाबी रंग आणला,
हंड्यात कालवला, ओतला.
तोही गेला, गुमान.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना
द्वारकाआक्का बांधावरून आल्या.
भांडल्या नाहीत.
पितळी तांब्या माझ्यासमोर टेकवला.
आत पाणी, तळाशी फिकट,
लहान पोरीच्या नखाएवढं गुलाबी.
"हे तुमचं का?"

त्यांची विहीर साठ पावलांवर, उताराला.
आठ आण्यांसाठी भर बसमध्ये तासभर
हुज्जत घालणारा मी,
मला एक शब्द सुचेना.
इंजिन लावून दोनदा विहीर उपसून दिली.
तिसऱ्या खड्ड्यात मुरूम, मग काळी माती,
पाणी मारून पायानं चेपली. स्वतः चेपली.

चौथा खड्डा वरच्या अंगाला,
नकाशात जिथं माझा ओटा होता
बरोब्बर तिथं.
तांबूस माती, बारीक खड्यांची.
रातभर पाजूनही सकाळी वीस मिनिटांत एक बोट,
पुढच्या वीस मिनिटांत परत एक बोट.
हिलालनं बिडी पेटवली, म्हणजे पास.

मग घरच सरकवलं.
ओटा पश्चिमेला गेला, चार वाजताचं ऊन थेट तोंडावर येतं,
विमल अजून ऐकवते.
वास्तुशांतीला द्वारकाआक्का आल्या,
पुरणपोळी खाल्ली, पोरांना पैसे दिले.
पाण्याचा पेला हातात घेतला
आणि ओठाला लावायच्या आधी
उजेडात धरून पाहिला.

अजून तसाच धरतात.